पुष्पगुच्छाऐवजी रोप, आणि पुढे?

गेल्या काही वर्षांत सभा-समारंभांतून एक नवी चाल रूढ झाली आहे. पाहुण्यांना पुष्पगुच्छ द्यायचा नाही, त्याऐवजी एक छोटे रोप द्यायचे. गुच्छ दुसऱ्या दिवशी कोमेजतो, रोप राहते, असा त्यामागचा विचार. हेतू उत्तम आहे, याबद्दल वाद नाही. पण हे रोप बहुतेक वेळा चिनी मातीच्या वाटीत बसवलेली, कमळासारखी दिसणारी, जाड पानांची एखादी मांसल वनस्पती असते. बाजारात तिला ‘सक्युलंट’ म्हणतात. देखणी, सुटसुटीत, आणि ‘पाणी फारसे लागत नाही’ अशी ख्याती. पाहुणे ती घरी नेतात, दिवाणखान्यातल्या टीपॉयवर ठेवतात. पुढे दीड-दोन महिन्यांत तिचे काय होते हे यजमानांना कोणी कळवत नाही. मी सांगतो. कमळाची पाने एकमेकींपासून दूर सरकू लागतात, मधला दांडा वर निघतो, रंग फिका पडतो आणि शेवटी कोबीच्या दांड्यावर चार पाने चिकटवावीत तसे काहीतरी शिल्लक राहते. नाहीतर एके दिवशी बुडापासून कुजून सगळेच हातात येते.

मग लोक म्हणतात, ‘आमच्या हाताला झाडे लागत नाहीत.’ मला हे मान्य नाही. या झाडांचा घाट दुकानातून झाडाबरोबर घरी येत नाही. झाड ज्या जागी राहते त्या जागेचा उजेड, तिथली रात्र आणि तिथले पाणी मिळून तो रोज घडवीत असतात. हे समजून न घेता रोप देणे आणि घेणे या दोन्ही गोष्टी मला पुष्पगुच्छाहून फारशा शहाणपणाच्या वाटत नाहीत. गुच्छ निदान आपण जिवंत राहू असे वचन तरी देत नाही.

हे लिहिण्याचा माझा अधिकार एवढाच, की मी याच कॉलेजात रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो, नोकरीच्या निमित्ताने सुरतेकडे आलो आणि गेली कित्येक वर्षे इच्छापोरला राहून अशी चाळीस-पन्नास झाडे बाळगून आहे. सुरतेहून हजिऱ्याकडे जाणारा रस्ता धरला की तापीच्या उत्तर बाजूला हे गाव लागते. पुढे हजिऱ्याचे खताचे, पोलादाचे आणि वायूचे कारखाने. त्यामुळे रस्त्यावर ट्रेलरची रीघ आणि हवेत धूळ. समुद्र जवळ, म्हणून दमटपणा बारा महिने. जमीन काळी, चिकट. मे महिन्यात रात्रीही पारा पंचवीस अंशांच्या खाली क्वचितच उतरतो. मेक्सिकोच्या डोंगरकड्यांवरच्या झाडांना यापेक्षा अडचणीची जागा शोधून सापडणार नाही. पण अशा जागी घाट टिकवायचा म्हटले की तो कशाने टिकतो हे नीट कळते. बेळगावच्या हवेत झाड आपल्या अनेक चुका पोटात घालते. इथे घालत नाही.

प्रथम हा घाट म्हणजे काय ते पाहू. आपल्या परसातली कोरफड डोळ्यांसमोर आणा. कन्नड मित्र तिला लोळेसर म्हणतात, इथले शेजारी कुंवारपाठुं. किंवा बांधावरचा घायपात घ्या. दोघांचीही पाने जमिनीलगत एकाच ठिकाणाहून चहूकडे निघाल्यासारखी दिसतात. वास्तविक ती एका ठिकाणाहून निघत नाहीत. मध्ये खोड असतेच. उसाच्या दोन डोळ्यांमधले पेर वीतभर असते, या झाडांचे पेर केसाएवढे. पेर आखूड राहिले की पानावर पान बसते आणि गुलाबाच्या फुलासारखी रचना तयार होते. इंग्रजीत हिला रोझेट म्हणतात. एक पान आणि त्यानंतरचे पान यांच्यात साधारण १३७.५ अंशांचा कोन पडतो, त्यामुळे वरचे पान खालच्यावर नेमके झाकण घालीत नाही, प्रत्येकाला उजेडाचा वाटा मिळतो. वरून पाहून पानांच्या सर्पिल ओळी मोजल्या तर पुष्कळदा ५, ८, १३ असे आकडे हाती लागतात. फिबोनाचीने १२०२ साली हे आकडे युरोपला दाखवले, हे आपण गणिताच्या तासाला ऐकतो. त्याच्या आधी बाराव्या शतकात याच गुजरातेत आचार्य हेमचंद्रांनी लघु-गुरूंच्या मात्रा मोजताना हीच श्रेणी मांडली होती, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. असो.

पेर आखूड राहणे हीच घाटाची गुरुकिल्ली असेल, तर प्रश्न एवढाच उरतो की पेर लांबते कशाने. याचे उत्तर प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात आहे. फडताळात विसरलेल्या बटाट्याला पांढरे, लांबलचक, लुळे कोंब येतात. उन्हातल्या बटाट्याला आखूड, हिरवे, जाड कोंब येतात. अंधारातला कोंब उजेडाच्या शोधात धावत असतो. टीपॉयवरचे कमळ तेच करीत असते. ‘किती भराभर वाढले हो!’ असे कौतुक होते तेव्हा ते बिचारे मदतीसाठी हात वर करून उभे असते. आणि एकदा लांबलेले पेर पुन्हा आखडत नाही. नंतर कितीही ऊन दाखवा, नवी पाने घट्ट येतील, पण खालचा दांडा तसाच राहील.

‘पण आमच्या खोलीत भरपूर उजेड आहे,’ असे म्हणणारे भेटतात. इथे आपला डोळा आपल्याला फसवतो. डोळा उजेडाशी जुळवून घेत असल्यामुळे उजेडातला शंभरपट फरकही त्याला फारसा जाणवत नाही. भरदुपारचे उघडे ऊन सुमारे एक लाख लक्स असते. खोलीच्या मध्यभागी, खिडकीपासून दहा-बारा फूट आत, ते कित्येकदा पाचशेही भरत नाही. आता प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे आणि उजेड मोजणारे साधन त्यात फुकट उतरवता येते. अगदी अचूक नसले तरी दिवाणखान्याचा गर्व उतरवायला पुरेसे आहे. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी एका रविवारी आपापल्या घरातले आकडे घेऊन पाहावेत. कॉलेजचे वाचनालय, कॅन्टीन आणि स्टाफरूम यांचेही घ्यावेत.

खिडकी-बाल्कनीतही एक गोम आहे, आणि ती मला इच्छापोरच्या दक्षिणमुखी बाल्कनीने शिकवली. सुरत साधारण एकवीस अंश अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या थोडी दक्षिणेला. डिसेंबरात मध्यान्हीचा सूर्य दक्षिणेकडे पंचेचाळीस अंशांवर असतो. नऊ फूट उंचीच्या बाल्कनीत तो आठ-नऊ फूट आत येतो आणि सगळ्या कुंड्या न्हाऊन निघतात. एप्रिलच्या अखेरीस तोच सूर्य इतका वर चढतो की मध्यान्हीचे ऊन कठड्यालगत जेमतेम फूटभर पडते. मेच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत तो माथ्याच्याही उत्तरेला जातो आणि दक्षिणेच्या बाल्कनीत मध्यान्ही उन्हाचा कवडसा उरत नाही. वरून जून लागला की ढग. म्हणजे बाहेर उन्हाळा रणरणत असताना किंवा पाऊस कोसळत असताना आतल्या झाडाला वर्षातला सर्वांत कमी उजेड मिळतो, आणि नेमकी तेव्हाच हवा गरम व दमट असल्यामुळे त्याला वाढीची घाई होते. हिवाळ्यात घट्ट असलेले कमळ जुलैत उसवते ते याच कारणाने. बेळगाव आणखी दक्षिणेला, सोळा अंशांच्या आसपास. तिथे सूर्य मेच्या पहिल्या आठवड्यातच उत्तरेकडे सरकतो आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यानंतर परततो. तेव्हा दक्षिणेच्या कठड्यावर झाडे ठेवणाऱ्यांनी उन्हाळा लागताच ती पूर्वेच्या बाजूला हलवावीत. सकाळचे तीन-चार तासांचे ऊन या झाडांना फार मानवते. पश्चिमेची भिंत मात्र रात्री दहापर्यंत तापलेली राहते, तिच्यापासून दूरच बरे. हलवताना एक पथ्य पाळावे. सावलीतले झाड एकदम उन्हात नेले तर पानावर तपकिरी चट्टे पडतात आणि ते पान गळेपर्यंत जात नाहीत. दोन-तीन आठवड्यांत टप्प्याटप्प्याने न्यावे. गच्चीवर ठेवायची असल्यास एप्रिल-मेपुरती वर हिरवी जाळी बांधावी.

इथे गच्चीला अगाशी म्हणतात, आणि उत्तरायणाला, म्हणजे १४ जानेवारीला, सारी सुरत अगाशीवर असते. त्या दोन दिवसांत कुंड्या खाली आणाव्या लागतात. पतंगाच्या मागे उलटे धावणाऱ्या माणसाला पायाखालचे कमळ दिसत नाही. पण हा प्रश्न बेळगावकरांना नाही.

उजेडानंतर रात्र. हा भाग आपल्या लोकांना सहसा कोणी सांगत नाही, म्हणून थोडा सविस्तर लिहितो. पानफुटी सर्वांना ठाऊक आहे. वहीत ठेवलेल्या पानाच्या कडेला पिल्ले फुटतात ती. बेन्जामिन हाइन नावाचा एक वनस्पतिशास्त्रज्ञ कंपनी सरकारच्या नोकरीत दक्षिण हिंदुस्थानात होता. टिपूच्या पाडावानंतर बंगळूरच्या लालबागेची देखरेख काही काळ त्याच्याकडे होती. त्याने पानफुटीची पाने चावून पाहिली. सकाळी पान आंबट लागते, दुपारी बेचव, संध्याकाळी किंचित कडवट, असे त्याला आढळले. १८१३ साली त्याने ही गोष्ट लंडनच्या लिनियन सोसायटीतल्या मित्राला पत्राने कळवली आणि १८१५ मध्ये ती छापून आली. आज ज्याला ‘क्रॅसुलेसियन ॲसिड मेटाबोलिझम’ असे भारदस्त नाव आहे त्या विषयाच्या इतिहासात या पत्राचा उल्लेख हमखास येतो. रूक्ष प्रदेशातली ही झाडे दिवसा पानांची रंध्रे बंद ठेवतात, नाहीतर पाणी उडून जाईल. रात्री हवा गार झाली की रंध्रे उघडतात, कर्बवायू आत घेतात आणि तो मॅलिक आम्लाच्या रूपाने साठवून ठेवतात. दिवसा दारे बंद करून त्या साठ्यातून कर्बवायू सोडवायचा आणि उन्हाच्या बळावर साखर करायची. म्हणून सकाळचे पान आंबट. मी पेशाने प्रयोगशाळेतला माणूस असल्यामुळे चव घेण्याऐवजी पीएच कागद लावतो. पहाटेच्या रसाने कागद स्पष्ट आम्लाकडे झुकतो, संध्याकाळच्या रसाने तितका झुकत नाही. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला हा प्रयोग सहज करता येईल, आणि त्याला खर्च काहीच नाही.

आता याचा घाटाशी संबंध. रात्र गार असेल तर ही व्यवस्था नीट चालते. रात्र गरम आणि दमट असेल तर कर्बवायूची बेगमी कमी होते, उलट श्वसनात साठा खर्च होतो. इच्छापोरच्या मे महिन्यात एचेवेरियासारखे डोंगराळ झाड जमाखर्चात तोट्यात जाते. अशा वेळी त्याला भरपूर पाणी देणे म्हणजे उपाशी माणसाला नुसते पाणी पाजून पोट फुगवण्यासारखे आहे. पाने पाण्याने टरारतात, ऊतक मऊ पडते आणि बुरशीला दार उघडते. सुरतेत या झाडांचा वाढीचा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. तेव्हा मोकळ्या हाताने पाणी द्यावे, कुंडीच्या बुडातून वाहीपर्यंत, आणि माती पूर्ण वाळल्यावरच पुन्हा. मार्चपासून हात आखडावा. जून ते सप्टेंबर झाडे छपराखाली ठेवून जेमतेम जिवंत राहतील एवढेच. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर, रात्री गार. तिथे हा हंगाम ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत लांबेल. मात्र बेळगावचा पाऊस काही कमी नाही, तेव्हा छपराचा नियम तिथेही लागू. पाणी किती दिवसांनी घालावे हे मला विचारू नका. कुंडी उचलून पाहावी; हलकी लागली आणि सर्वांत खालची पाने बोटाला किंचित मऊ लागली की घालावे. कमळाच्या मध्यभागी पाणी साचू देऊ नये.

शेजारी एक काकी आहेत, मूळच्या धुळ्याच्या. सुरतेच्या उधना-लिंबायत भागात खानदेशी मंडळी मोठ्या संख्येने आहेत, त्यांतले त्यांचे कुटुंब इकडे आले. त्या जाता-येता मला बोलतात, “भाऊ, मुक्या जिवाला तहानलेलं ठेवता, पाप लागेल.” हा आक्षेप मी हसून सोडून देत नाही, कारण त्यात तथ्याचा अंश आहे. घाटासाठी झाडाची उपासमार करणारे शौकीन खरोखर आहेत. पाण्यावाचून पाने आक्रसून लाल झाली की छायाचित्र छान येते, म्हणून महिनोन्महिने मुळे वाळवत ठेवतात. ते मला पटत नाही. लाल कडा आणि घट्ट कमळ हे पुरेशा उन्हाचे आणि गार रात्रींचे फळ असेल तर ते आरोग्य. केवळ तहानेने आले असेल तर ती आजाऱ्याच्या गालावरची लाली. दोन्हींतला फरक मुळांत दिसतो. निरोगी झाडाला पाणी दिले की दोन-तीन दिवसांत पाने भरतात आणि पेर लांबत नाही. काकींना मी हेच दाखवले. त्यांचे समाधान झाले नाही, पण हल्ली त्या माझ्या माघारी तांब्याने पाणी घालत नाहीत.

माती आणि खत याविषयी थोडक्यात. इथली काळी माती कापसाला सोने, या झाडांना विष, कारण ती पाणी सोडत नाही. तीन भाग भरड आणि एक भाग जुने, कुजलेले पानखत असे मिश्रण पुरते. भरड म्हणजे विटांचा चुरा, लोणारी कोळशाचे तुकडे, जाडी नदीची वाळू. समुद्राची वाळू खारट असते, ती नको. बेळगावकरांना मुरूम आणि जांभ्याची खडी घरबसल्या मिळेल. कुंडी मातीची, झाडापेक्षा बोटभरच मोठी, आणि बुडाला भोक असलेली. समारंभात मिळणाऱ्या चिनी वाटीला भोक नसते, तिथेच अर्धा निकाल लागलेला असतो. खताबाबत सांगायचे तर हजिऱ्याला कृभकोचा युरियाचा प्रचंड कारखाना आहे, त्या रस्त्यावर राहून मी कुंडीत युरियाचा दाणा टाकत नाही. नत्र जास्त झाले की पाने फुगतात, पेर धावते, आणि पिठ्या ढेकणाला कोवळी मेजवानी मिळते. तो दिसलाच तर स्पिरिटमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा लावावा. धुळीचे मात्र इथे दुखणे आहे. एचेवेरियाच्या पानांवर जे पांढरे पिठासारखे आवरण असते ते मेणाचे. ते झाडाला उन्हापासून आणि पाण्यापासून सांभाळते. बोट लावले की पुसले जाते आणि त्या पानावर पुन्हा येत नाही. म्हणून फडक्याने धूळ पुसू नये. कॅमेऱ्याच्या भिंगासाठी जो रबरी फुगा मिळतो त्याने उडवावी.

कोणती झाडे लावावीत याबद्दल माझी मते जरा कडक आहेत. समुद्रकाठच्या गरम गावात पहिले झाड हावर्थिया असावे. हे दक्षिण आफ्रिकेचे, तिथे झुडपांच्या आणि गवताच्या आडोशाने राहणारे. त्यामुळे थोड्या कमी उजेडातही त्याचा घाट मोडत नाही. पांढऱ्या पट्ट्यांच्या एका जातीला आता शास्त्रज्ञ हावर्थिओप्सिस म्हणतात, तीच आपल्या बाजारात सर्वत्र मिळते आणि तीच सर्वांत सोशिक. दुसरे ग्रॅप्टोपेटॅलम पराग्वायेन्से. नावात पराग्वे असले तरी मूळचे मेक्सिकोचे. राखी-गुलाबी रंगाचे, दांडा वाढवून लोंबायची त्याला खोडच आहे, पण टोकाचे कमळ सुरेख असते. आमच्या घरी त्याला ‘दगडी कमळ’ म्हणतात. एचेवेरिया तिसऱ्या क्रमांकावर. द कांदोल याने १८२८ मध्ये मेक्सिकोचा चित्रकार अतानासियो एचेवेरिया याच्या नावावरून या प्रजातीचे नाव ठेवले. वनस्पतीची चित्रे काढणाऱ्याचे नाव वनस्पतीला मिळावे, हे मला फार आवडते. पण ही मंडळी बहुतेक डोंगरावरची. इच्छापोरला त्यांतल्या दोन-चारच जाती मी ठेवतो, आणि उन्हाळ्यात त्या रडतात हे मान्य करतो. युरोपातल्या थंड पर्वतांवरचे सेम्परव्हिव्हम इथे मागवणे हा मला शुद्ध हट्ट वाटतो. पाश्चात्त्य देशांत ते छपरावर वाढते हे खरे, पण त्या छपरावर हिवाळ्यात बर्फ पडतो.

बाजार मात्र याच्या नेमके उलट चालतो. कालिम्पाँग निवडुंग आणि मांसल वनस्पतींसाठी जुने नावाजलेले ठिकाण. सुमारे बाराशे मीटर उंचीवरच्या गार हवेत तिथे सुरेख झाडे तयार होतात. कुरियरने ती सखल प्रदेशात येतात, दुकानात चार आठवडे टिकतात, आणि आपण त्यांचे त्या दिवशीचे रूप विकत घेतो. काही विक्रेते तर पानांना निळा-सोनेरी रंग फासतात, निवडुंगाच्या डोक्यावर सुकी फुले गोंदाने चिकटवतात. पानाला रंग फासणे म्हणजे त्याचा उजेड बंद करणे. गिऱ्हाईक ते खुशीने घेते, म्हणून दुकानदाराला एकट्याला दोष देत नाही.

या हौसेचे दुसरे टोक आणखी दूर जाते. कॅलिफोर्नियाच्या समुद्रकड्यांवर डडलिया नावाचे, एचेवेरियासारखेच पांढुरके कमळ वाढते. वारा, खारे तुषार आणि खडकाची फट यांनी वर्षानुवर्षे घडवलेला त्याचा घट्ट घाट रोपवाटिकेत चटकन साधत नाही. साधारण २०१७-१८ पासून तिथे कड्यांवरून ही झाडे पोत्यांनी उपटून आशियातल्या शौकिनांना विकणाऱ्या टोळ्या सापडू लागल्या. अखेर २०२१ मध्ये त्या राज्याला केवळ या झाडासाठी वेगळा कायदा करावा लागला. दक्षिण आफ्रिकेच्या कारू भागातून २०१९ नंतर चोरीची अशी लाखो मांसल झाडे जप्त झाली आहेत. ती बहुतांशी दगडासारखी दिसणारी, कमळाकार नव्हेत, पण मागणीचे कारण तेच. ज्याला घाट घरी घडवण्याचा धीर नाही तो घडलेला घाट डोंगरावरून उचलून आणवतो. आपल्या टीपॉयवरची वाटी आणि तो कडा यांच्यात अंतर फार आहे, हे मी जाणतो. पण तयार रूपाची हाव दोन्हीकडे एकच आहे असे मला वाटते.

यावर कोणी म्हणेल, मग रोप देणे बंद करावे काय? मुळीच नाही. माझी सूचना साधी आहे, आणि ती प्राचार्यांना व वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना उद्देशून आहे. विकतची वाटी आणू नये. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी कॉलेजच्या पूर्वेकडच्या एखाद्या व्हरांड्यात ही झाडे स्वतः वाढवावीत. ग्रॅप्टोपेटॅलमचे पान देठाच्या बुडासकट अखंड काढून भरडीवर नुसते ठेवले तरी काही आठवड्यांत त्याला मुळे आणि इवले कमळ फुटते, पानफुटीसारखेच. हावर्थियाच्या बुडाशी पिल्ले येतात, ती वेगळी करावीत. लांबलेले एचेवेरिया असेल तर हिवाळ्याच्या तोंडाशी चाकूने शेंडा कापावा, चार-सहा दिवस सावलीत सुकू द्यावा आणि कोरड्या भरडीवर टेकवून ठेवावा. दोन-तीन आठवड्यांत मुळे धरतात, आणि उरलेल्या बुंध्यालाही नवे फुटवे येतात. वर्ष-सव्वा वर्षात पाहुण्याच्या हाती देण्याजोगे झाड तयार होईल. मातीच्या भोकाच्या कुंडीत द्यावे आणि सोबत एक चिठ्ठी, एका बाजूला मराठीत, दुसऱ्या बाजूला कन्नडमध्ये: कोणत्या दिशेला ठेवावे, पावसाळ्यात पाणी किती कमी द्यावे. पाहुणे विद्वान असतात, चिठ्ठी वाचतील.

सुरुवातीच्या पानांची अडचण वाटत असेल तर मी पाठवतो. पावसाळा सरला की नोव्हेंबरात माझ्याकडची ग्रॅप्टोपेटॅलम दाटीला येतात. त्यांची पाने वर्तमानपत्रात गुंडाळून, भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या डब्यात घातली तर आठ-दहा दिवस आरामात टिकतात, म्हणजे इच्छापोरहून साध्या टपालानेही बेळगावला पोचतील. प्लास्टिकच्या पिशवीत मात्र कुजतात, तेव्हा डबा हाती येताच उघडावा आणि पाने सावलीत पसरून ठेवावीत. पाणी लगेच घालू नये. मुळे दिसू लागली की मगच शिंपडावे.